सदाशिव पेठेतली रडकी चित्रं

सिंहगड, लोणावळा, मॉल, मल्टिप्लेक्स हे सगळं करून झालं असेल आणि तरीही वीकेंड उरत असेल, तर एक रविवार सकाळ सदाशिव पेठेला देऊन बघा. हो, तीच सदाशिव पेठ, जिच्यावरचे जोक्स तुमच्या मोबाइलमध्ये ढिगानं पडून आहेत. बाइक मात्र घरी ठेवा. एक तर पार्किंग मिळत नाही. मिळालं तर त्यावर पाटी असते. आणि पाटी वाचून झाल्यावर गाडी तिथे लावायची आपली हिंमत होत नाही.

पेठ तशी पानिपतानंतरची. पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंचं नाव थोरल्या माधवरावांनी तिला दिलं. म्हणजे अख्ख्या पेठेचं नावच मुळात एका मोठ्या दुःखावरून आलेलं. इथले देवही काही सुखासुखी नांदत नाहीत. खुन्या मुरलीधर आहे, ज्याच्या स्थापनेच्या वेळीच रक्तपात झाला असं सांगतात. कुमठेकर रस्त्याला उपाशी विठोबा आहे. भिकारदास मारुती आहे. (घाबरू नका, मारुती भीक मागत नव्हता. भिकारदास हे एका सावकाराचं नाव.) बाहेरगावचा माणूस ही नावं ऐकून हसतो. पुणेकर हसत नाही, कारण त्याला पत्ता सांगायचा असतो.

पण आजच्या फेरीचा विषय देवळं नाहीत, चित्रं आहेत. तीही जरा रडकी. माणसावर संकट कोसळलंय, घरदार गेलंय, पोरं गेलीत, आणि तरी तो देवाकडे बघतोय, अशी. यातली काही इथे छापली गेली आणि काही पार लंडनमध्ये. मजा म्हणजे या दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे, आणि तो तांब्याच्या पत्र्यावरून जातो.

पत्ता : १०२६ सदाशिव पेठ

जुन्या मराठी पुस्तकांच्या आतल्या पानावर बारीक टायपात एक ओळ हमखास दिसते : चित्रशाळा प्रेस, १०२६ सदाशिव पेठ, पुणे. हा छापखाना निघाला १८७८ मध्ये, विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं. तेच ते निबंधमालावाले. शाळेत त्यांच्यावर टीप लिहिली असेल तर एवढं आठवेल की त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि अवघ्या ३१व्या वर्षी, १८८२ मध्ये, ते गेले. त्या वयात आपण पहिलं होमलोन घेतो. या माणसानं तोवर मासिक, शाळा आणि छापखाने उभे केले होते.

शास्त्रीबुवा मिशनऱ्यांवर निबंधमालेतून तुटून पडत. पण मिशनऱ्यांची एक गोष्ट त्या काळात सगळ्यांच्याच लक्षात आली होती, ती म्हणजे छापील चित्राची ताकद. अहमदनगरहून १८४२ पासून निघणारा ‘ज्ञानोदय’ चित्रं छापत होता. वाचता न येणाऱ्यालाही चित्र समजतं, आणि ते भिंतीवर राहतं. भाषण संपून जातं. मग आपल्याही देवांची, आपल्याही राजांची चित्रं आपणच का छापू नयेत? चित्रशाळेनं रंगीत शिळाछाप काढायला सुरुवात केली. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईनं चित्र काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त चित्राला धरते, मग कागद दाबायचा. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. रामपंचायतन आणि नाना फडणवीस गावोगावच्या भिंतींवर गेले ते असे. पुढे वासुकाका जोशींनी हा व्याप सांभाळला, आणि १९१० पासून इथूनच ‘चित्रमय जगत्’ हे मासिक निघू लागलं. आपण हातात धरलेल्या या गुळगुळीत पानांचे पणजोबाच म्हणा.

आज तिथे दगड आणि शाई शोधत जाऊ नका. आजूबाजूला झेरॉक्स, अभ्यासिका, खाणावळी आणि ‘कॉट बेसिसवर जागा मिळेल’च्या पाट्या आहेत. तरी थोडा वेळ उभं राहा. या एका पत्त्यावरून किती घरांत देव गेले असतील, याचा हिशेब मनातल्या मनात करून बघा.

तांबट, गीता आणि लंडनचा एक अवलिया

आता शंभर वर्षं मागे जाऊ. सवाई माधवरावांच्या काळात पुण्यात इंग्रजांचा वकील होता चार्ल्स मॅलेट. त्याच्या ओळखीनं जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार १७९२ मध्ये पुण्यात आला आणि त्यानं पेशव्यांची, नानांची चित्रं रंगवली. त्याच्या हाताखाली एक पुणेकर शिकला. त्याचं नाव गंगाराम चिंतामण तांबट. या गंगारामनं पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडासुद्धा काढलाय, १७९० मध्ये. त्याची चित्रं आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. वेल्सनं वेरूळची लेणी काढली तेव्हाही गंगाराम बरोबर होता. त्या चित्रांवरून लंडनमध्ये थॉमस डॅनियलनं छापे कोरले.

तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे. कसबा पेठेतली तांबट आळी आजही ठोक्यांचा आवाज ऐकवते. नाना फडणवीसांच्या मनात आलं की तांब्याच्या पत्र्यावर अक्षरं उलटी कोरून भगवद्‌गीता छापावी. कामाला एक तांबट लावला. पण १८०० मध्ये नाना गेले, पुण्यात गोंधळ माजला. तो कारागीर मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांकडे गेला आणि १८०५ मध्ये ती गीता तिथे छापून झाली. मराठी माणसांनी स्वतःच्या हातानं छापलेल्या सगळ्यात जुन्या पुस्तकांपैकी हे एक. पुण्यानं ठरवायचं आणि दुसऱ्या गावानं करायचं, ही परंपरा तेव्हापासूनची असावी.

नेमक्या त्याच काळात लंडनमध्ये एक पन्नाशीकडे झुकलेला कारागीर तांब्याच्याच पत्र्यावर उलटी अक्षरं लिहीत बसला होता. विल्यम ब्लेक. कवी, चित्रकार, आणि शेजाऱ्यांच्या मते थोडासा सटकलेला. पोट भरायचं कोरक्याच्या धंद्यावर. आपल्या कविता आणि चित्रं तो एकाच पत्र्यावर उतरवून स्वतः छापायचा, बायको कॅथरीन त्यात रंग भरायची. आणि या ब्लेकला गीता माहीत होती! चार्ल्स विल्किन्सनं केलेलं गीतेचं इंग्रजी भाषांतर १७८५ मध्ये लंडनमध्ये छापलं गेलं होतं. ब्लेकनं विल्किन्स गीतेचं भाषांतर करतोय, असं एक चित्र काढून १८०९ च्या आपल्या प्रदर्शनात लावलं. प्रदर्शनाला कुत्रं फिरकलं नाही, आणि ते चित्र पुढे हरवलं. सापडलं असतं तर आज पुण्यात त्याच्या प्रतीवरून दोन संस्थांमध्ये भांडण लागलं असतं.

याच ब्लेकनं म्हातारपणी जे काम केलं, त्यासाठी तुम्हाला इथवर चालत आणलं. बायबलमधल्या ईयोबाच्या गोष्टीवरचे २१ कोरीव छापे. ईयोब, इंग्रजीत जोब. स्पेलिंग मात्र तुमच्या-आमच्या जॉबचंच. योगायोग, पण सही आहे. कारण गोष्टच मुळी सगळं असताना अचानक सगळं जाण्याची आहे.

ईयोब हा सज्जन, श्रीमंत माणूस. ७,००० मेंढ्या, ३,००० उंट, ७ मुलगे, ३ मुली. स्वर्गात सैतान देवाला म्हणतो, याची भक्ती कसली, सगळं आहे म्हणून करतो. काढून घे, मग बघ. देव परवानगी देतो. एका दिवसात जनावरं, नोकर, मुलं सगळं जातं. मग अंगभर गळवं येतात. तीन मित्र भेटायला येतात आणि आधी सात दिवस गप्प बसतात, तेवढंच त्यांचं बरं. मग तोंड उघडतात आणि एकच टेप लावतात : तू काहीतरी पाप केलं असशील, उगाच नाही होत असं कुणाचं.

ब्लेकच्या १०व्या छाप्यात हे मित्र आहेत. तिघांचेही हात लांब करून ईयोबाकडे रोखलेले, एकाच दिशेला, एकाच लयीत. कंपनीतून नाव कमी झाल्यावर शेजारच्या क्युबिकलमधले लोक कसे बघतात हे ज्यानं अनुभवलंय, त्यानं हा एक छापा जरूर बघावा. माझा एक मित्र हिंजवडीतल्या नोकरीतून असाच एका मंगळवारी बाहेर पडला. त्याला सगळ्यात जास्त लागलं ते ‘पण तुझं रेटिंग कसं होतं रे?’ हे वाक्य.

आणि ईयोब काय करतो? तो वाद घालतो! देवाला सांगतो, माझ्यावर आरोप काय आहे ते लेखी दे. मला तर हा माणूस पक्का सदाशिव पेठी वाटतो. सहन करीन, पण कारण कळल्याशिवाय सही करणार नाही. देव अखेर वावटळीतून बोलतो, पण कारण शेवटपर्यंत सांगत नाही. पृथ्वीचा पाया मी घातला तेव्हा तू कुठे होतास, असं उलट विचारतो. ऑफिसात एचआरनं असं उत्तर दिलं तर आपण राजीनामा देऊ. पण ब्लेकनं त्या क्षणाचा १४वा छापा असा काढलाय की भांडण विसरायला होतं. खाली ईयोब, बायको आणि मित्र गुडघ्यावर, मध्ये देव हात पसरून, आणि वर पहाटेचे तारे हात उंचावून गातायत. रंग नाही. नुसत्या काळ्या रेघा.

या रेघांचं थोडं सांगायला हवं. त्या काळातले धंदेवाईक कोरके अर्धं काम आम्लावर सोडत. ब्लेकनं हे छापे जुन्या पद्धतीनं, नुसत्या कोरणीनं केले. पत्रा उशीवर ठेवायचा, कोरणी तळहातानं पुढे रेटायची, तांब्याचा बारीक तारेसारखा कीस निघतो. चित्र उलटं, अक्षरं उलटी. चूक झाली तर पत्रा मागून ठोकून पुन्हा घासायचा, अन्डू नाही. मग शाई भरायची, वरची पुसून टाकायची, ओला कागद घालून रुळांतून दाबून काढायचा. ब्लेकला हे काम त्याचा तरुण चित्रकार मित्र जॉन लिनेल यानं १८२३ मध्ये दिलं, मुख्यतः म्हातारा उपाशी मरू नये म्हणून. मोबदला १०० पौंड, खपलं तर आणखी १००. छापे बाहेर आले १८२६ मध्ये. फारसे खपले नाहीत. लिनेलनं तरी आणखी ५० पौंड दिले. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये ब्लेक गेला. त्यानं कोरलेले ते पत्रे आता ब्रिटिश म्युझियममध्ये जपून ठेवलेत, आणि छापे तुम्ही फोनवर फुकट बघू शकता. फक्त मोठं करून बघा, स्क्रोल करत नको.

हरिश्चंद्र इथे, ईयोब तिथे

आपल्याकडचा ईयोब कोण, हे सांगायला नको. राज्य गेलं, बायको विकली, मुलगा साप चावून गेला, आणि राजा स्मशानात डोंबाचा चाकर होऊन त्याच मुलाच्या दहनाचं शुल्क मागतोय. इथेही वरून परीक्षा घेणारा आहेच, विश्वामित्र. फरक एवढाच की हरिश्चंद्र तक्रार करत नाही. मला लहानपणापासून याचा राग येतो. अरे, एकदा तरी विचार ना, का म्हणून!

या दोन गोष्टींची गाठ पडली ती मुंबईत. १९१०-११ च्या सुमारास धुंडिराज गोविंद फाळके गिरगावात ‘लाइफ ऑफ ख्राइस्ट’ हा मूकपट बघायला गेले. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या येत होती. लोक हे विसरतात की फाळके तोपर्यंत छपाईवाले होते. चित्राचे ठसे करणं, रंगीत छपाई, जर्मनीहून यंत्रं आणणं, हा त्यांचा धंदा. लोणावळ्याजवळ रविवर्मा प्रेससाठीही त्यांनी काम केलं होतं, आणि रविवर्म्यानं हरिश्चंद्र-तारामती रंगवून ठेवलेच होते. छापील चित्रातून हलत्या चित्रात जायला या माणसाला बायबलमधलं दुःख बघावं लागलं, आणि ३ मे १९१३ ला आपल्याला मिळाला ‘राजा हरिश्चंद्र’. तारामती झाले होते अण्णा साळुंके, एका खाणावळीतले आचारी. त्याची जी थोडी रिळं उरली ती लॉ कॉलेज रोडवरच्या चित्रपट संग्रहालयानं सांभाळली, म्हणजे या पेठेतून रिक्षानं दहा मिनिटं, रिक्षावाला यायला तयार झाला तर.

हे सगळं डोक्यात यायचं कारण माझी आत्या. तिचा वाडा नागनाथ पाराच्या अलीकडे, आतल्या बोळात. वाडा आता बिल्डरकडे गेलाय आणि सामान बांधायला मी गेलो होतो. माजघरात एक फ्रेम होती, स्मशानातला हरिश्चंद्र. तारामतीच्या मांडीवर रोहिदास, मागे चिता, निळ्याचा पार हिरवा झालेला. खालची प्रेसच्या नावाची पट्टी फ्रेमवाल्यानं कापून टाकलेली, त्यामुळे छापलं कुणी ते कळायला मार्ग नाही.

‘आत्या, हे कुठे लावणार तिकडे?’

‘कुठे नाही. तो वास्तूवाला आला होता ना, तो म्हणाला रडकी चित्रं घरात ठेवायची नाहीत. आणि नव्या भिंतीला खिळा मारायचा नाही म्हणे.’ मग थोडं थांबून म्हणाली, ‘सासूबाईंचं आहे ते. त्यांची दोन मुलं गेली हातची. एक तर बोलायला लागलेला. दुपारी सगळं आवरलं की इथे येऊन बसायच्या. रडायच्या-बिडायच्या नाहीत. नुसत्या बसायच्या.’

मला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की आमच्या पिढीच्या भिंतींवर काय असतं : पॅरिस, ‘कीप काम’चं पोस्टर, लाफिंग बुद्धा, ट्रेकचे फोटो. सगळे खुशीत. ज्याच्यासमोर नुसतं बसता येईल असं एकही चित्र नाही. वास्तूवाल्याचा धंदा मला समजतो, पण त्या बाईंना पळता घोडा किंवा धबधबा लावून दिला असता तर त्या दुपारी कुठे बसल्या असत्या?

आत्याला मी फोनवर ब्लेकचे छापे दाखवले. पहिल्या छाप्यात ईयोबाचं अख्खं कुटुंब झाडाखाली प्रार्थना करतंय. शिस्तीत, पुस्तकं मांडीवर, आणि त्यांची वाद्यं वर फांद्यांना टांगलेली. शेवटच्या, २१व्या छाप्यात तेच झाड, तेच कुटुंब, पण सगळे उभे आणि वाद्यं हातात. पोथीतून नाही, वाजवून गातायत. मधल्या १९ छाप्यांचा सगळा छळ या एवढ्या बदलासाठी. तिनं चष्मा वर करून दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिले.

‘वाद्यं होतीच की घरात,’ ती म्हणाली. ‘मग आधी का नाही वाजवली?’

मग तिनं विचारलं की मुलं परत आली का. खरं सांगायचं तर बायबलात इथे एक विचित्र हिशेब आहे. शेवटी ईयोबाला सगळं दुप्पट मिळतं, १४,००० मेंढ्या, ६,००० उंट. मुलं मात्र पुन्हा दहाच, आणि ती नवी. गेलेली परत येत नाहीत. हरिश्चंद्राचा रोहिदास उठून बसतो. ब्लेकनं मात्र शेवटच्या छाप्यात ईयोबाभोवती पहिल्यासारखंच भरलेलं कुटुंब काढलंय, जुनं की नवं ते सांगितलेलं नाही. आत्या म्हणाली, ‘सासूबाईंना हेच चालायचं नाही. आमचा रोहिदास उठतो ना, तिथे त्या नेहमी म्हणायच्या, हे गोष्टीतलं.’

बाहेर पडलो तर बोळाच्या तोंडाशी अभ्यासिका. दुपारची वेळ, चपलांचा ढीग, आत पंख्याखाली चाळीस-पन्नास मुलं माना खाली घालून बसलेली. लातूर, बीड, नांदेड, बुलढाणा. घरची जमीन आणि बापाचा विश्वास यावर पाचवी-सहावी परीक्षा. जाहिरात कधी येईल माहीत नाही, निकाल कधी लागेल माहीत नाही, आणि गावाकडून फोन येतो तेव्हा ईयोबाच्या त्या तीन मित्रांचंच वाक्य वेगळ्या शब्दांत : अभ्यास कमी पडत असेल तुझा. दाराशी एक पोरगा चहा पीत उभा होता. त्याच्या टेबलाच्या वर काय चिकटवलंय विचारलं तर म्हणाला, ‘आई-वडिलांचा फोटो. उन्हात काढलाय, शेतात. हसत नाहीयेत दोघं.’

तर रविवारी निघाच. सकाळी आठच्या आत आलात तर रस्ते रिकामे असतात आणि वाड्यांचे दिंडीदरवाजे बघता येतात, आहेत तोवर. विश्रामबागवाड्यापासून सुरुवात करा, बोळ घेत भारत इतिहास संशोधक मंडळापर्यंत या. १९१० पासूनची संस्था आहे, जुनी कागदपत्रं आणि चित्रं यांचा खजिना आहे, पण रविवारी उघडी असेलच असं धरून चालू नका, आधी चौकशी करा. बाजीराव रस्ता ओलांडलात की शुक्रवार पेठेत केळकर संग्रहालय. दिनकर केळकरांनी गेलेल्या लहान मुलाच्या नावानं, राजाच्या नावानं, अडकित्ते, दिवे, दरवाजे जमवत ते उभं केलं. तिथे किमान दोन तास ठेवा. कुणाच्या वाड्यात शिरताना आधी हाक मारा, फोटो विचारून काढा. नाही म्हणाले तर वाद घालू नका, ईयोबालाही इथे दाद मिळाली नसती. आणि उन्हं चढली की निंबाळकर तालीम चौकात मस्तानी प्या. ती एकट्याला जरा जास्तच होते, म्हणून कुणाला तरी बरोबर न्या.

फ्रेम सध्या माझ्याकडे आहे, बाणेरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, भिंतीला टेकवून जमिनीवर. घरमालकाला खिळ्याबद्दल मेसेज केलाय. निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.